गोगलगायीचा रंगीत निकाल

आमच्या घरात विज्ञान शिरलं ते कोबीच्या गड्ड्यातून. खरं तर ते शाळेतून यायचं होतं आणि आलंही होतं, भिंगरीच्या दप्तरातल्या एका गुलाबी सूचनापत्रावर बसून. पण शाळेतून आलेलं विज्ञान फार काळ टिकत नाही असा माझा अनुभव आहे. कोबीतून आलेलं मात्र बूड हलवायला तयार नसतं.

भिंगरी म्हणजे आमची कन्या. दुसरीत आहे. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. एका जागी उभी राहील तर शपथ, त्यामुळे सगळी इमारत तिला भिंगरीच म्हणते. तर त्या सूचनापत्रात लिहिलं होतं की दुसरीच्या वर्गाचा 'करून बघू या' दिवस आहे, प्रत्येक मुलाने स्वतःला पडलेला एक प्रश्न घ्यावा, त्याचं उत्तर स्वतःच्या हातांनी करून शोधावं आणि पालकांनी कृपया मदत करू नये. सगळ्यात खाली, शिक्षणाधिकारी साहेब येणार असल्याचं लिहिलं होतं.

मी विमा कंपनीत दावे नामंजूर करण्याच्या विभागात आहे. कागदावरचं खरं वाक्य कुठलं आणि शोभेची कुठली, हे मला वासावरून कळतं. शिक्षणाधिकारी येणार हे खरं वाक्य होतं. वरची बाकीची शोभा.

शिवाय मला एक जुना हिशेब चुकता करायचा होता. आमच्या शेजारच्या दंतवैद्यांच्या मुलाने गेल्या वर्षी याच दिवशी दिवे लागणारी सूर्यमाला केली होती. म्हणजे दंतवैद्यांनी केली होती, मुलगा शेजारी उभा होता. साहेबांनी मुलाशी हस्तांदोलन केलं आणि त्याचा फोटो दंतवैद्यांनी दवाखान्यात लावला. लावला तोही भिंतीवर नव्हे, छतावर, रुग्णाच्या खुर्चीच्या बरोब्बर वर. तोंड उघडं, त्यात नळी, आणि डोळ्यांसमोर ती सूर्यमाला. माझी अक्कलदाढ त्या फोटोखाली निघाली आहे. भूल दिल्यावर दाढ दुखली नाही, फोटो दुखत राहिला.

"आपण क्रेन करायची," मी जाहीर केलं. "इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये रंगीत पाणी भरायचं, नळ्या जोडायच्या, इकडे दाबलं की तिकडे उचलतं."

"पण तिचा प्रश्न काय आहे?" बायकोने विचारलं.

"प्रश्न मागाहून बघू. आधी उत्तर तयार असलेलं बरं."

बायकोने कोबीचा गड्डा ओट्यावर ठेवला, नेमका त्या गुलाबी कागदावर, आणि ती झोपायला गेली.

सकाळी मी चहात बिस्कीट बुडवत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून आरोळी आली.

"बाबा! पळत ये! हिची शी गुलाबी आहे!"

माणसाचं बिस्कीट चहात पडायला एवढं पुरे असतं. कोबीतून उतरून ओट्यावर एक गोगलगाय बसली होती. सूचनापत्राची एक कड तिने कुरतडून नक्षीदार केली होती, 'पालकांनी मदत करू नये' यातलं 'मदत' तिच्या पोटात गेलं होतं, आणि शेजारी गुलाबी रंगाचं एक बारीकसं वेटोळं पडलं होतं. गोगलगाय कागद खाते हे मला माहीत नव्हतं. आमच्या कार्यालयात दाव्यांचे कागद कुठे जातात याबद्दल मला त्या दिवसापासून नव्याने संशय येऊ लागला.

"तिला निळा कागद दिला तर निळी होईल?" भिंगरीने विचारलं.

"अजिबात नाही," मी म्हणालो. नामंजूर करण्याची सवय असते, तोंडातून आपोआप जातं.

संध्याकाळी घरी आलो तर निळी झाली होती. गोगलगायीला बुटाच्या रिकाम्या खोक्यात घर मिळालं होतं, झाकणाला भोकं पडली होती आणि भिंगरी जमिनीवर पालथी पडून काचेच्या बशीखालून तिचं निरीक्षण करत होती. "बाबा, तुला माहितीये, ती मानेपाशी शी करते!" ही बातमी तिने मला जेवताना दिली. मी तिला म्हटलं, खोटं बोलू नये. मग बायकोने मला बशीपाशी नेऊन दाखवलं. मानेपाशीच होती. निसर्गाने हे काय आरंभलं आहे असं मला वाटलं, पण दाद मागायला वरिष्ठ नव्हते.

"आता माझा प्रश्न ठरला," भिंगरी म्हणाली. "तिला आधी निळा कागद दिला आणि मग पिवळा दिला, तर कुठली होईल?"

"हिरवी," मी म्हणालो. "निळा आणि पिवळा मिळून हिरवा. रंगाच्या पेटीवर लिहिलेलं असतं. संपला प्रश्न. आता क्रेन."

"पण तू बघितलंस का?"

"बघायचं काय त्यात? आणि अधिकाऱ्यांसमोर तू 'शी' म्हणणार आहेस?"

"मग काय म्हणू?"

"उत्सर्जन."

"उत्सर्जन म्हणजे काय?"

मी आधी दार लोटून घेतलं. "शी," मी म्हणालो.

क्रेनचं काम त्याच आठवड्यात सुरू झालं. सिरिंज लागणार म्हणून मला दंतवैद्यांच्याच दारात जावं लागलं. अडला हरी, दुसरं काय. त्यांनी पिशवी भरून सिरिंज दिल्या.

"नव्या आहेत ना?" मी विचारलं.

"धुतलेल्या आहेत," ते म्हणाले आणि माझ्या मागोमाग घरात आले, ते आठवडाभर गेलेच नाहीत. त्यांच्या मते क्रेन उंच हवी होती. उंची वाढवली तर ती वाकू लागली, म्हणून खाली जड पाट आला. पाट आला तर चाकं हवीत म्हणाले. चाकांवर ती पळू लागली, म्हणून ब्रेक आला. होता होता क्रेन माझ्या खांद्याला लागली. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मोती लाल रंगवलेला होता आणि दिसत छान होता.

भिंगरी मधूनमधून येऊन एखादी सिरिंज दाबू बघायची.

"हात लावू नकोस!" मी ओरडायचो. "मोडेल! हे हातांनी करून शिकायचं असतं!"

ती निमूट खोक्याकडे परत जायची. या वाक्यात काही चुकतंय असं बायकोच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण मी नळी धरून उभा होतो, हात मोकळा नव्हता.

एवढ्यात गोगलगाय सुटली. ती सापडली लिफ्टमध्ये, पाचव्या मजल्याच्या बटणावर, आणि सापडली ती सेक्रेटरींना. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हे पद नसून तो एक स्वभाव आहे. त्यांनी बटण दाबलं, बटण ओलं लागलं, पुढचं सगळं इमारतीने ऐकलं.

"प्राणी पाळायचा तर अर्ज करावा लागतो," ते आमच्या दारात उभे राहून म्हणाले. बोट त्यांनी अंगापासून लांब धरलं होतं.

अर्ज म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. अर्ज हा माझा प्रांत. मी पेन काढून बसलो. जात: गोगलगाय. रंग: तपकिरी. भुंकतो का: नाही. चावतो का: कागदाला. पुढचा रकाना होता, नर की मादी, आणि पुढे दोन चौकोन. मी गोगलगायीकडे पाहिलं. तिने शिंगं आत घेतली.

अंदाजाने खूण करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. अंदाजाने खुणा केलेले किती अर्ज मी स्वतः फेकले आहेत! म्हणून मी रजा टाकून खोकं घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. प्रतीक्षागृहात एक भला मोठा कुत्रा होता, त्याच्या मालकाने आपुलकीने विचारलं, "तुमचं काय आणलंय?" मी झाकण उघडून दाखवलं. तो गृहस्थ कुत्र्याला घेऊन दोन खुर्च्या पलीकडे सरकला.

"दोन्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दोन्ही काय?"

"नरही आणि मादीही. या जातीची प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते."

"पण चौकोन एकच भरायचाय."

"ते तिला सांगून बघा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या कुत्र्याला हाक मारली.

मी दोन्ही चौकोनांत खूण करून अर्ज दिला. सेक्रेटरींनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "एक नर, एक मादी," ते म्हणाले. "म्हणजे प्राणी दोन झाले. दोन अर्ज लागतील."

"प्राणी एकच आहे हो!"

"मग एक चौकोन खोडा."

"ते खोटं होईल!"

"मग दोन अर्ज."

आयुष्यात प्रथमच मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभा होतो. ती बाजू वाईट असते. घरी येऊन मी मुकाट्याने दोन अर्ज भरले, खोक्याशेजारी ठेवले आणि क्रेनला शेवटचा हात मारायला गेलो. परत आलो तोवर मादीचा अर्ज निम्मा खाल्ला गेला होता. नराला तिने तोंड लावलं नव्हतं, त्यावर माझी सही होती, कदाचित म्हणून.

सेक्रेटरींनी उरलेला निम्मा अर्ज चिमटीत धरला आणि निकाल दिला: 'करून बघू या' दिवसाच्या संध्याकाळपर्यंत प्राणी, एक असो वा दोन, इमारतीबाहेर गेला पाहिजे.

मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. भिंगरीला मात्र नाही. आदल्या संध्याकाळी तिने खोक्यात निळा कागद ठेवला.

"उद्या सकाळी पिवळा देणार. मग ती उद्या करेल. उद्या मला तिच्याजवळ बसायला हवं, बाबा. परवा ती नसणारे. मग मला कधीच कळणार नाही."

"उद्या तू क्रेनजवळ उभी राहणार आहेस. खोकं घरी राहील."

तिने हट्ट केला नाही, रडली नाही. गोल गोल फिरायची थांबली आणि खोलीच्या मधोमध एका जागी उभी राहिली. मला ते पाहवलं नाही, म्हणून मी क्रेनच्या चाकांना तेल घालायला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी क्रेन लिफ्टमध्ये मावली नाही. दंतवैद्यांनी पुढून आणि मी मागून धरून ती जिन्यावरून उतरवली. वाटेत प्रत्येक दारातून सल्ला आला. एकाने आडवी करा सांगितलं, एकाने उभी करा सांगितलं, सेक्रेटरींनी 'जिन्याच्या भिंतीला रंग लागला तर' एवढंच वाक्य म्हणून पुढचं आमच्यावर सोडलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची आमच्या इमारतीत कधी टंचाई पडलेली नाही.

शाळेच्या सभागृहात पोचल्यावर मला जरा विचित्र वाटलं. इतर टेबलांवर पेलाभर पाणी, बर्फाचा खडा, ओल्या कापसात दाणे, पिसं, दगड असलं काहीतरी होतं. मधे आमची क्रेन उभी. वर्गाच्या बाई आल्या, त्यांनी क्रेनकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग भिंगरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुसऱ्या पाहणीला फारसा वेळ लागला नाही.

"छान रंगवलीये," बाई एवढंच म्हणाल्या.

आणि शिक्षणाधिकारी आले. मागे मुख्याध्यापक, मागे पालकांची गर्दी, गर्दीत सेक्रेटरीही, कारण त्यांची नात त्याच वर्गात. साहेब थेट क्रेनपाशी थांबले. मी भिंगरीला कोपराने ढोसलं.

"हे तू केलंस का बाळा?" साहेबांनी विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. "हे बाबांनी आणि दातवाल्या काकांनी केलंय. मला हात लावायची परवानगी नाही."

असल्या वेळी माणसाने लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवावं. मी पुढे होऊन मोठी सिरिंज जोरात दाबली. क्रेनचा हात उचलला गेला नाही. नळी निसटली आणि लाल पाण्याची चिळकांडी माझ्या पांढऱ्या शर्टावर, छातीच्या डाव्या बाजूला, फस्सकन् आली.

"रक्त!" मुख्याध्यापक किंचाळले.

"घाबरू नका, मी डॉक्टर आहे!" दंतवैद्य मला धरून ओरडले. "चूळ भरा!"

रक्त नाही हे सगळ्यांना पटवण्यात बराच वेळ गेला. मी लालेलाल शर्टात उभा होतो. क्रेन हळूहळू खाली मान घालत होती. या वयात भर सभागृहात तोंडघशी पडणं काय असतं ते ज्याचं त्याला कळतं. साहेब मात्र भिंगरीपाशी वाकले होते.

"मग तू काय केलंस?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तेव्हा बायको टेबलाच्या पलीकडून पुढे आली, तिने टेबलक्लॉथ उचलला आणि खालून बुटाचं खोकं काढून भिंगरीच्या हातात दिलं. ते तिथे कधी आलं, मला आजवर सांगण्यात आलेलं नाही.

"ही गोगलगाय आहे," खोक्यातली काचेची बशी वर काढून भिंगरी म्हणाली. "ती गुलाबी कागद खाते तर गुलाबी शी करते. निळा खाल्ला तर निळी. काल तिने निळा खाल्लाय. आज सकाळी पिवळा. आता ती करणार आहे. मला बघायचंय कुठली होते."

शिक्षण खात्याच्या इतिहासात असं काही कुणाच्या कानावर पडलं असेल असं मला वाटत नाही.

"उत्सर्जन," मी हळूच म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

"हिरवी होईल," साहेब विचार करून म्हणाले.

"हिरवीच, साहेब," मुख्याध्यापक म्हणाले.

"हिरवी," दंतवैद्य म्हणाले.

"हिरवी," गर्दीतून सेक्रेटरी म्हणाले. सबंध आठवड्यात आमचं दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

"आणि तुला काय वाटतं?" बाईंनी भिंगरीला विचारलं.

"मला माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर बघायचंय."

मुख्याध्यापकांनी घड्याळ दाखवून साहेबांना आठवण करून दिली की व्यासपीठावर भाषण आहे, फुलांचे गुच्छ वाट बघताहेत. साहेबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि गुडघ्यांवर बसले. साहेब बसले म्हणून मुख्याध्यापक बसले. मग रांगेने सगळेच बसले. बटण ओलं लागलं म्हणून इमारत डोक्यावर घेणारे सेक्रेटरी जमिनीला गाल टेकून बशीखालून बघत होते. एवढी सगळी मोठी माणसं श्वास रोखून एका गोगलगायीच्या मानेकडे टक लावून बसली होती, आणि ती आरामात एक शिंग बाहेर काढी, दुसरं आत घेई. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगीच नाही. तिला सगळं समजत होतं.

वेळ जात होता. कुणीतरी खोकलं, तर दहा जण त्याच्यावर खेकसले. भिंगरी दोन्ही हात बशीच्या कडेला धरून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती रागावली नव्हती माझ्यावर, तिला फक्त कळायला हवं होतं, आणि ही एकच संधी उरली होती. मला क्रेन दिसेना, साहेब दिसेनात, शर्ट आठवेना. "कर गं बाई," मी मनातल्या मनात म्हणत होतो. "माझ्यासाठी नको करू. माझ्या पोरीसाठी कर." हे मनातल्या मनात नव्हतं असं बायकोने नंतर सांगितलं. साहेबांनाही ऐकू गेलं होतं.

आणि तिने केलं.

"निळी!" भिंगरी कुजबुजली. "निळी येतेय... निळी... बाबा, बघ, पिवळी! आता पिवळी!"

एकच बारीक दोरी, निम्मी निळी, निम्मी पिवळी. मधे हिरव्याचा ठिपकासुद्धा नाही. जसं आत गेलं तसंच ओळीने बाहेर आलं होतं. कुणी कुणात मिसळलं नव्हतं.

मग सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. एका शीला एवढ्या टाळ्या मिळालेल्या मी तरी पाहिलेल्या नाहीत. भाषणांना पाहिल्यात, पण ते वेगळं.

"तुमचं चुकलं," भिंगरी साहेबांना म्हणाली. चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"चुकलं खरं," साहेब म्हणाले.

"मुख्याध्यापक सर, तुमचंही. दातवाले काका, तुमचंही. आणि बाबा, तुझं तर सगळ्यात आधी चुकलं होतं!"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी एकदाही चूक मान्य केलेली नाही, आमच्या विभागात तशी पद्धत नाही. पण पोरगी दहा गावांना ऐकू जाईल अशा आवाजात माझं चुकल्याचं सांगत होती, आणि मी अभिमानाने मान डोलवत होतो. कशाचा अभिमान, हे लिहून द्यायला सांगाल तर जमणार नाही. पण होता, भरपूर होता.

सेक्रेटरी गुडघे झटकत उठले. ते माझ्याजवळ आले, घसा खाकरला आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "ते संध्याकाळपर्यंतचं राहू द्या. अजून पुष्कळ बघायचं राहिलंय." आणि मग आणखी हळू, "वर्तमानपत्र दिलं तर काय होईल हो? माझ्या मते काळी."

मी तोंड उघडलं. "काळीच," असं म्हणणारच होतो.

"माहीत नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडे आजचा पेपर आहे का?"